लाँड्री अजून जळत आहे

बावीस वर्षं पाणी सोडण्याचं काम करणाऱ्या चावीवाल्याला एका सोमवारी लेखी कळवण्यात आलं, की आपण पाणी नेमकं कोणत्या काळात सोडतो याचं ज्ञान त्याला नाही.

परिपत्रक दीड पानांचं होतं. पाणीपुरवठा विभागाची सेवा जागतिक दर्जाची करण्याचं ठरलं होतं आणि जागतिक दर्जाची सेवा आपल्या भाषेत देता येत नसल्यामुळे पहिल्या तारखेपासून सर्व नोंदी, विनंत्या आणि परवानग्या इंग्रजीत करायच्या होत्या. कर्मचाऱ्यांवर एकदम ताण येऊ नये, म्हणून सहानुभूतीने विचार करून पहिल्या टप्प्यात फक्त वर्तमानकाळ आणि सहा सहायक क्रियापदं मंजूर करण्यात आली होती. भूतकाळाचा प्रस्ताव पुढच्या वर्षी विचारात घेतला जाणार होता. भविष्यकाळ कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतो, याबद्दल पत्रव्यवहार चालू होता.

चावीवाल्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, रस्त्याच्या कडेचं लोखंडी झाकण उचललं, छातीइतक्या उंच चावीचं टोक खालच्या चौकोनात बसवलं आणि बेचाळीस वेढे देऊन सात नंबरचा व्हॉल्व्ह उघडला. मग नेहमीप्रमाणे चावीच्या दांड्याला कान लावला. पाणी टेकडीच्या पायथ्याशी पोचलं की आवाज घुमतो आणि वरच्या टोकाला पोचलं की बारीक होतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं प्रमाणपत्रही त्याच्याकडे नव्हतं.

घरी त्याने परिपत्रक बायकोला वाचून दाखवलं.

"पाणी सोडता ना रोज?" बायकोने विचारलं.

"सोडतो."

"मग झालं तर."

पुढच्या दोन महिन्यांत या विषयावर जी काही चर्चा झाली, तीत एवढं मुद्द्याचं बोलणं दुसऱ्या कुणी केल्याची नोंद नाही.

प्रशिक्षण मीटर दुरुस्तीच्या खोलीत ठेवलं होतं. बंद पडलेल्या मीटरांच्या ढिगांमधून वाट काढत सव्वीस माणसं बाकांवर बसली. शिकवायला विभागाने तीन महिन्यांच्या करारावर एक मॅडम नेमल्या होत्या. त्या हुशार होत्या, मनापासून शिकवत होत्या आणि व्याकरणावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

"इंग्रजीत वर्तमानकाळ चार आहेत," मॅडम म्हणाल्या.

मीटर रीडरने हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे आत्ता एकच चालू आहे."

"नीट ऐका. रोजची सवय सांगायची असेल तर साधा वर्तमान. या क्षणी चाललंय ते चालू वर्तमान. करून झालंय आणि त्याचा परिणाम समोर दिसतोय, तो पूर्ण वर्तमान. आणि कधीपासूनचं सुरू झालंय पण अजून चालूच आहे, तो चालू पूर्ण वर्तमान."

"म्हणजे आपल्या ऑफिससमोरचं खोदकाम."

"अगदी बरोबर!" मॅडम आनंदाने म्हणाल्या आणि त्यांनी ते वाक्य उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सहायक क्रियापदं झाली. कॅन म्हणजे अंगात ताकद आहे. कुड म्हणजे तेच, पण कमरेत वाकून. मे म्हणजे वरून परवानगी आहे. मस्ट म्हणजे सुटका नाही. शुड म्हणजे केलेलं बरं. आणि माइट म्हणजे झालं तर झालं.

मागच्या बाकावर बसलेले उपअभियंता साहेब शेवटचा शब्द ऐकून सरळ बसले. एकोणतीस वर्षं त्यांनी 'बघू' या एका शब्दावर कार्यालय चालवलं होतं. त्या शब्दाला परदेशात इतका सख्खा भाऊ आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या तारखेला चावीवाल्याने नोंदवहीत सावकाश, एकेक अक्षर कोरून वाक्य लिहिलं: आय ओपन द व्हॉल्व्ह. पुढे वेळेच्या रकान्यात साडेपाच टाकले. आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य लिहिल्यामुळे त्या दिवशी त्याने चहा दोनदा घेतला.

चौथ्या दिवशी मेमो आला. 'साध्या वर्तमानकाळाने सवय व्यक्त होते. आपणास व्हॉल्व्ह उघडण्याची सवय आहे, ही बाब विभागास मान्य आहे. तथापि सदर दिवशी आपण तो उघडल्याचा कोणताही पुरावा नोंदीत आढळून येत नाही. खुलासा करावा.'

त्याने चूक सुधारली. आता तो लिहू लागला: आय ॲम ओपनिंग द व्हॉल्व्ह. आठवड्याने दुसरा मेमो आला. 'नोंदीनुसार आपले व्हॉल्व्ह उघडणे अद्याप चालू आहे. एक व्हॉल्व्ह उघडण्यास सात दिवस लागणे ही बाब कार्यक्षमतेच्या दृष्टीने गंभीर आहे. असा आणखी एक खुलासा असमाधानकारक ठरल्यास आपली सेवा खंडित का करू नये, हे कळवावे.'

चावीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाचं ते पळावं, हे मीटर रीडरला फार मजेदार वाटलं आणि त्याने ते सगळ्या ऑफिसला सांगितलं.

मुलगी नववीत होती, इंग्रजी शाळेत. तिला त्या शाळेत घातलं तेव्हा चावीवाला एवढंच म्हणाला होता, की आपल्याला जे वाचता येत नाही ते घरात कुणाला तरी वाचता आलं पाहिजे. त्या संध्याकाळी तिने बाबांच्या नोंदवहीची पानं पुढ्यात घेतली.

"बाबा, पूर्ण वर्तमान घाला. आय हॅव ओपन्ड द व्हॉल्व्ह. म्हणजे उघडून झालाय आणि पाणी आलंय."

"हे बरं आहे."

"पण मग वेळ लिहू नका. त्या काळाला वेळ चालत नाही."

चावीवाल्याने मुलीकडे पाहिलं. "काळाला वेळ चालत नाही?"

"नाही. साडेपाचला उघडला म्हटलं की तो भूतकाळ होतो."

"आणि भूतकाळ?"

"तो मंजूर नाही ना."

"अहो, मग वेळेचा रकाना कशाला ठेवलाय?" बायकोने आतून विचारलं.

हाच प्रश्न चावीवाल्याने मॅडमना विचारला. मॅडम प्रामाणिक होत्या. त्यांनी मान्य केलं, की रकाना आणि काळ यांचा मेळ बसत नाही, आणि तसा अहवाल वर पाठवला. विभागाने तत्परता दाखवली. पंधरा दिवसांत नव्या नोंदवह्या छापून आल्या. त्यांत वेळेचा रकाना नव्हता. आता पाणी किती वाजता सुटलं हे कागदोपत्री कुणालाच सांगता येईना, त्यामुळे पाणी उशिरा येतं ही टेकडीवरच्या लोकांची जुनी तक्रार कायमची निकालात निघाली. मॅडमच्या करारावर 'समाधानकारक' असा शेरा पडला.

या यशाने हुरूप येऊन विभागाने परवानग्यांकडे मोर्चा वळवला. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी रोज इंग्रजीत लेखी परवानगी घ्यायची, असं ठरलं.

चावीवाल्याने लिहिलं: कॅन आय ओपन द व्हॉल्व्ह? साहेबांनी खाली लिहिलं: यस, यू कॅन. कागद तपासणीसाठी मॅडमकडे गेला. मॅडमनी लाल शाईत टीप लिहिली, की साहेबांनी कर्मचाऱ्याच्या अंगातल्या ताकदीबद्दल खात्री दिली आहे, परवानगी दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने 'मे' घातला. साहेबांनी लिहिलं: यू मे. मॅडमनी जड मनाने दाखवून दिलं, की या शब्दाचे अर्थ दोन होतात. उघडण्यास हरकत नाही, किंवा उघडला जाण्याची शक्यता आहे. साहेबांना नक्की काय म्हणायचं आहे?

साहेबांना नक्की काहीच म्हणायचं नव्हतं. नोकरी संपायला तीन वर्षं राहिलेला माणूस नक्की असं काही म्हणत नाही.

"साहेब, मस्ट लिहून टाका ना," चावीवाला म्हणाला. "म्हणजे प्रश्नच मिटला."

"वा रे वा! मस्ट लिहिलं आणि उद्या पाइप फुटला म्हणजे? उघडच असं मीच म्हणालो होतो, असं होईल. माझ्या गळ्यात घंटा बांधतोस?"

"मग शुड?"

"तो सल्ला झाला. सल्ला द्यायला मी काय तुझा सासरा आहे?"

या चर्चेत तीन दिवस गेले. ते तीन दिवस चावीवाला चावी मांडीवर आडवी टाकून झाकणावर बसून राहिला. सात नंबरच्या चेंबरसमोरच लाँड्रीवाल्या मावशींचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत होत्या. सरकारी दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि आता दुकानात मळक्या चादरींचा ढीग छताला टेकायला आला होता. तिसऱ्या दिवशी त्या कमरेवर हात ठेवून येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे, चावी तुझ्या मांडीवर, पाणी तुझ्या बुडाखाली. मग अडलंय कुठे?"

"क्रियापदात, मावशी."

"कुठेशी आलं ते? प्लंबर नेऊन काढता येईल का?"

चावीवाला हसला नाही. बावीस वर्षांत त्याने कधी पाणी चुकवलं नव्हतं. बहिणीच्या लग्नालाही तो पहाटे पाणी सोडूनच गेला होता. आणि आता बायाबापड्या रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्याकडे अशा बघत होत्या, की जणू त्यानेच टेकडीवरच्या लोकांना पाण्यात पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी साहेबांना वहीतल्या दोन रेघा आठवल्या. त्यांनी लिहिलं: यू माइट. मॅडमनी शब्दकोश उघडला, मिटला आणि सांगितलं की वाक्य निर्दोष आहे. त्याचा अर्थ, व्हॉल्व्ह कदाचित उघडला जाईल, कदाचित जाणार नाही. तेव्हापासून पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. ते आलं की शक्यता खरी ठरायची आणि नाही आलं तरी खरी ठरायची, म्हणून विभागाने त्या महिन्यात शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती नोंदवली.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मावशींच्या दुकानात आग लागली.

तो पाणी न येण्याचा दिवस होता. इस्त्रीच्या टेबलामागच्या जुन्या वायरीतून ठिणगी उडाली आणि वाळत घातलेल्या चादरीने पेट घेतला. तिथून आग ढिगाला लागली. मावशी आतल्या मोरीत होत्या. त्या बाहेर यायला निघाल्या तेव्हा दार आणि त्यांच्यामध्ये आग होती. बंब दहा मिनिटांत आला. बंबाची टाकी पाण्याअभावी कोरडीच होती, म्हणून बंबवाल्यांनी रस्त्यावरच्या नळाला पाइप जोडला, चाक फिरवलं, आणि पाइपातून नुसती हवा आली.

"ही लाइन कुणाची?" जवान ओरडला. "चावी कुणाकडे आहे?"

चावीवाला आधीच झाकणाजवळ उभा होता. त्याच्या एका हातात चावी होती आणि दुसऱ्या हातात फोन.

"साहेब, मे आय..."

"अरे, मी मीटिंगमध्ये आहे. अर्ज पाठव."

"साहेब, आग लागलीय. मावशी आत आहेत."

"मग तसं अर्जात लिही ना. कारण म्हणून जोडायचं. बघू आपण."

आतून मावशींची हाक ऐकू आली. कुणाच्या नावाने नव्हे, नुसतीच, आईला हाक मारतो तशी. चावीवाल्याने फोन खिशात टाकला. बेचाळीस वेढ्यांना एरवी तो दहा मिनिटं घ्यायचा, कारण घाई केली तर पाइप हादरतो. त्या दिवशी त्याने ते दीड मिनिटात दिले. जमिनीखालून रेडा डुरकावा तसा आवाज आला, बंबाचा पाइप एकदम फुगला आणि पाण्याचा लोट दारातून आत घुसला.

साडेअकराला आग विझली. साठ चादरी, दोन टेबलं आणि एक कपाट गेलं. मावशी भुवया जळालेल्या अवस्थेत, ठसकत, भिजून चिंब अशा बाहेर आल्या आणि फुटपाथवर बसल्या. चावीवाला त्यांच्याशेजारी बसला. त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण नोंदीची झाली.

परिपत्रक अग्निशमन विभागालाही लागू होतं. जवानाने आल्याआल्या नियमाप्रमाणे लिहिलं होतं: द फायर इज बर्निंग. आग विझल्यावर ती विझली असं लिहिणं भाग होतं, पण 'विझली' हा भूतकाळ झाला. पूर्ण वर्तमानात लिहिता आलं असतं, पण आग विझल्याच्या दाखल्यावर तारीख आणि वेळ लागते, आणि तारीख टाकली की पूर्ण वर्तमान चालत नाही. तारखेशिवाय दाखला ग्राह्य नाही. जवानाने तासभर डोकं खाजवलं आणि वही तशीच वर पाठवली.

सबब लाँड्री जळत राहिली.

जळत्या जागेत कुणाला जाऊ देता येत नाही, म्हणून दाराला सील लागलं. जळत्या जागेला वीज देणं धोक्याचं, म्हणून वीज तोडली. आगीवर देखरेख हवी, म्हणून एक जवान खुर्ची टाकून दारासमोर बसवण्यात आला. मावशी सकाळी यायच्या, समोरच्या पायरीवर बसायच्या आणि घरून आणलेला चहा त्याच्यासोबत वाटून प्यायच्या.

"कशी आहे रे आग?"

"तशीच आहे, मावशी."

"कमी नाही?"

"कागदावर नाही."

दवाखान्याने कळवलं, की आपल्या संस्थेबद्दल आदर आहे, पण पेटलेल्या ठिकाणी चादरी पाठवता येत नाहीत. काम दुसरीकडे गेलं. त्या दिवशी मावशींनी चहा आणला नाही.

इकडे चावीवाल्याची चौकशी लागली. चावी जप्त करून साहेबांच्या कपाटात उभी केली. ती कपाटात मावेना, म्हणून दार अर्धवट उघडं राहिलं. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि मॅडम होते, दुसऱ्या बाजूला हाताला पट्ट्या बांधलेला चावीवाला.

"सदर दिवशी व्हॉल्व्ह कोणत्या सहायक क्रियापदाखाली उघडलात?" साहेबांनी वाचून विचारलं.

"उघडायलाच हवा होता, साहेब."

"म्हणजे मस्ट की शुड?" मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं.

"मॅडम, आत बाई होती."

"ते कारण झालं हो. मला फक्त क्रियापद सांगा. मी काहीतरी करून ते बसवते."

चावीवाल्याने हाताच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मी काही म्हणालोच नाही. मी नुसता फिरवला."

साहेब बाहेर गेल्यावर मॅडम तिथेच बसून राहिल्या. पेनचं टोपण काढत आणि लावत त्या म्हणाल्या, "मी शिकवलं त्यात एकही चूक नव्हती. हवं तर कुणालाही विचारा. एकूण एक वाक्य बरोबर होतं."

"हो, मॅडम."

"माझा करार या महिन्यात संपतोय."

"होईल नवा," चावीवाला म्हणाला. चौकशी त्याची होती, पण धीर त्यालाच द्यावा लागला.

मावशींसाठी मुलीने अर्ज लिहून दिला. तिने सगळं घडलं तसं लिहिलं: वायर जळाली, आग लागली, बाबांनी पाणी सोडलं, साडेअकराला आग विझली. अर्ज परत आला. वर शिक्का होता, 'अमंजूर काळात लिहिलेला मजकूर विचारात घेता येत नाही.' दुसऱ्यांदा पाठवला, दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा मात्र, एवढे अर्ज साचले हे बरं दिसत नाही म्हणून, साहेबांनी सभागृहात जाहीर सुनावणी ठेवली. चावीवाल्याच्या चौकशीचा निकालही तिथेच द्यायचं ठरलं.

सभागृह भरलं. टेकडीवरची मंडळी आली होती. एक दिवसाआड पाणी मिळणारी माणसं असूनही सगळे स्वच्छ कपड्यांत होते. मावशी उठल्या.

"साहेब, माझं दुकान विझलंय. सील तेवढं काढा."

"बाई, इंग्रजीत बोला," साहेब म्हणाले. "नाहीतर इतिवृत्तात येत नाही."

"मला येत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "येत नाही तर कशाला उठायचं?" दोघं-तिघं हसले. हसणाऱ्यांपैकी एकाच्या घरी तेव्हा प्यायला पाणी नव्हतं.

तेव्हा चावीवाल्याची मुलगी उभी राहिली. इंग्रजीत, एका दमात, तिने सगळं सांगितलं. आग साडेअकराला विझली. ती विझली हे शंभर माणसांनी पाहिलं. एका बाईचा धंदा बुडतोय, कारण 'विझली' म्हणायची तुमची तयारी नाही. माझ्या वडिलांनी विचारत बसायला नको होतं तेव्हा विचारलं नाही, म्हणून मावशी जिवंत आहेत. यात कळायला अवघड असं काय आहे?

ती थांबली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "काय फाडफाड बोलते गं! एकदाही अडखळली नाही." दुसरी म्हणाली, "उच्चार बघ ना. शिकवणी कुणाची?" एका गृहस्थांनी आपल्या मुलाच्या डोक्यात टपली मारली. "शीक जरा. पाणी सोडणाऱ्याची मुलगी आहे ती." साहेब उठून उभे राहिले. हे विभागाचंच यश आहे, असं ते गहिवरून म्हणाले. ज्याची मुलगी इतकं सुंदर इंग्रजी बोलते, त्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट असूच शकत नाही. त्यांनी तिथल्या तिथे चौकशी मागे घेतली आणि चावी परत करण्याचा आदेश दिला. मॅडमचा करारही सर्वानुमते वाढला. लाँड्रीचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं.

बाहेर आल्यावर चावीवाल्याने मुलीला जवळ घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते. "काय बोललीस गं, पोरी! धन्य झालो मी."

मुलगी रडायला लागली. "बाबा, मी काय बोलले ते कुणी ऐकलंच नाही."

"ऐकलं ना! सगळ्यांनी ऐकलं. किती छान बोललीस!"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी जोरात रडू लागली. चावीवाल्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

मावशी जवळ आल्या. पदराने तिचं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "मला नाही बाई ते समजत. काय म्हणालीस तू?"

"आग विझली म्हणाले, मावशी."

"एवढंच? मग टाळ्या कशाला वाजवत होते?"

मावशी तिथून थेट दुकानावर गेल्या. चावीवाला आणि मुलगी मागोमाग गेले. मावशींनी दाराचं सील हाताने तोडलं.

जवान खुर्चीवरून उठला. "मावशी, आत जाऊ नका. आग आहे."

"मग विझव."

जवानाने विचार केला. मग खुर्ची उचलून सावलीत नेली आणि तिथे पाठ करून बसला.

मावशींनी दोन दिवस झाडून, खरवडून, भिंतीला चुना काढला. बायकोने चावीवाल्याला मदतीला पाठवलं आणि मागून स्वतःही आली. वीज नव्हती, म्हणून कोळशाची जुनी इस्त्री माळ्यावरून खाली आली. तिसऱ्या दिवशी मावशींनी एक पत्र्याची पाटी आणि रंगाचा डबा आणला. इंग्रजीतच लिहायचं, असा त्यांचा हट्ट होता. इंग्रजीशिवाय इथे कुणाला काही कळत नाही, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. शब्द त्यांनी मुलीला विचारून घेतले, पण वाक्य स्वतः केलं आणि स्वतःच्या हाताने रंगवलं: फायर इज फिनिश. शॉप इज ओपन.

"मावशी, एक चूक राहिलीय," मुलगी म्हणाली.

"आग विझली आणि दुकान उघडलं, हे कळतंय ना?"

"ते कळतंय."

"मग असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर गर्दी झाली. मावशींनी लगबगीने इस्त्रीत कोळसे घातले. पण आलेल्यांपैकी कुणाच्याच हातात कपडे नव्हते, मोबाइल होते. लोक पाटीचा फोटो काढत होते, हसत होते, एकमेकांना दाखवत होते आणि पुढे जात होते.

तो फोटो फिरत फिरत तुमच्याकडेही आला असेल. चूक तुमच्या चटकन लक्षात आली असेल आणि हसून तुम्ही तो आणखी चार जणांना पाठवला असेल. कपडे टाकायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.